पाळणा न्हावऱ्यात, पासपोर्ट कुठला?

ताई बाळंतपणाला न्हावऱ्याला आली, तेव्हा आमच्या घरात कुणाच्या मनाला दुसरा विचार शिवलाही नव्हता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे ठरलेलंच असतं. काकूने डिंकाचे लाडू करून डबे भरले, आजीने जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, काकांनी दौंडच्या दवाखान्यात नाव घालून ठेवलं. ताई माझी चुलत बहीण. ती आणि दाजी दोघंही इंग्लंडमध्ये नोकरीला. ती यायच्या चारच महिने आधी त्यांना तिकडच्या कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाला होता. आयएलआर म्हणतात त्याला. मुलगा झाला, पेढे वाटले आणि पारावर बसलेल्या आबांनी जाहीर करून टाकलं, "नातू जन्मतःच साहेब निघाला!"

नातू साहेब निघाला नव्हता. तो शंभर टक्के भारतीय नागरिक होता, कारण तो दौंडला जन्मला होता.

आता नीट वाचा, कारण मलाही हे समजायला दोन दिवस लागले. हेच बाळ, हेच आईवडील, हाच परवाना, पण जन्म लंडनच्या हॉस्पिटलात झाला असता तर ते पहिल्या रडण्याबरोबर ब्रिटिश झालं असतं. ब्रिटनचा कायदा म्हणतो, आमच्या भूमीवर जन्मलेल्या मुलाच्या आईवडिलांपैकी एक जरी ब्रिटिश नागरिक असेल किंवा इथे कायमचा स्थायिक असेल, तर मूल आमचं. पण मूल ब्रिटनच्या बाहेर जन्मलं तर आईवडिलांचं 'स्थायिक' असणं चालत नाही, त्यांच्यापैकी एकाला नागरिकच असावं लागतं. ताई स्थायिक होती, नागरिक नव्हती.

त्या एका फरकाने काय झालं ते सांगतो. ताईची रजा संपली. बाळाला आधी भारतीय पासपोर्ट, मग तिकडचा व्हिसा. दाजी तिकडे एकटे, ताई इकडे बाळाला घेऊन आणि फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. पाच महिने गेले. पैसे किती गेले ते काकांनी कधी नीट सांगितलं नाही, पण त्या वर्षी ट्रॅक्टरचा टायर बदलायचा राहिला एवढं मला ठाऊक आहे. पुण्यातला जो एजंट "होऊन जातं हो ताई, काही टेन्शन नाही" म्हणाला होता, तो पुढे फोन उचलेना. त्याचं नाव लिहीत नाही. तसे खूप आहेत, एकालाच कशाला धरायचं?

तुम्ही म्हणाल, आमचं अजून एसवाय सुटायचंय, लग्नाचा पत्ता नाही आणि हा बाळंतपणाच्या गोष्टी सांगतोय. बरोबर आहे. पण शिरूरच्या बोरा कॉलेजच्या कट्ट्यावर बसा, नाहीतर दौंड-पुणे डेमूत खिडकीजवळ जागा मिळवा. दर चौथा-पाचवा मुलगा 'यूकेला मास्टर्स' म्हणतोच. आयईएलटीएसला किती बँड लागतात, कोणती बँक तारण न घेता कर्ज देते, पार्टटाइम काम मिळतं का, हे सगळं तोंडपाठ. आणि बोलता बोलता कुणीतरी हमखास म्हणतं, "एकदा तिकडं गेलो, की पोरं तिकडचीच. मग आपलंही झालंच!"

नाही हो, झालं नाही. या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही महाग पडणाऱ्या आहेत.

पहिली चूक म्हणजे ब्रिटनला अमेरिका समजणं. अमेरिकेत जन्मलेलं मूल अमेरिकन, एवढं आपण सिनेमात पाहिलेलं असतं. ब्रिटनमध्येही एकेकाळी तसंच होतं. पण १९८१ चा ब्रिटिश नॅशनॅलिटी ॲक्ट १ जानेवारी १९८३ ला लागू झाला आणि त्या दिवसापासून नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळणं संपलं. तुम्ही विद्यार्थी म्हणून किंवा कामाच्या व्हिसावर तिकडे आहात आणि मूल झालं, तर ते तुमच्यासारखंच भारतीय. त्याला ब्रिटिश व्हायचं तर दोन मोठे रस्ते. आईवडिलांपैकी एकजण पुढे स्थायिक झाला, की मुलाची नोंदणी करता येते. किंवा मूल जन्मापासून पहिली दहा वर्षं तिथेच वाढलं, तर त्याला स्वतःच्या हक्काने नोंदणी मागता येते. त्यातही जानेवारी २०२४ पासून साध्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना नवराबायको-मुलं सोबत नेण्याची सोय बंद झाली आहे. आणि मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारने श्वेतपत्रिका काढून, स्थायिक होण्यासाठीची नेहमीची पाच वर्षांची अट दहा वर्षांवर न्यायचा विचार मांडला. म्हणजे मोठ्या भावाने सांगितलेला हिशेब तुम्हाला लागू होईलच असं नाही.

दुसरी चूक जास्त वाईट आहे. मूल ब्रिटिश असलं म्हणून आईवडील ब्रिटिश होत नाहीत. आईवडिलांना आपला रस्ता आपणच चालावा लागतो: आधी कायमचं वास्तव्य, मग साधारण एक वर्ष थांबणं, इंग्रजीची परीक्षा आणि 'लाइफ इन द यूके' नावाची दुसरी परीक्षा. ४५ मिनिटांत २४ प्रश्न, त्यातले १८ बरोबर आले पाहिजेत. दाजींनी त्यासाठी इंग्लंडच्या राजांच्या सनावळ्या पाठ केल्या. शाळेत इतिहासात पस्तिशीवर निघालेला माणूस! मूल हा कुणाचा व्हिसा नसतो, आणि तसं ते असूही नये असं माझं मत आहे. ज्या लेकराला तुम्ही कागदासाठी जन्माला घालाल, त्याच्याशी बोलताना तुमच्या आवाजात ते येणारच.

आता जरा मागे जाऊ. तुम्हाला वाटेल ही सगळी आजकालची, विमानातली भानगड आहे. तसं नाही. 'परदेशात जन्मलेलं मूल कुणाचं?' हा प्रश्न आपल्याच मातीत दोनशे वर्षं जुना आहे, फक्त तेव्हा परदेश म्हणजे शिरूर होतं.

शिरूर ही कंपनी सरकारची छावणी होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईसाठी कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी आदल्या रात्री निघाली ती शिरूरहूनच. त्याआधी १८०९ मध्ये कर्नल विल्यम वॉलेस इथेच वारला, आणि त्याच्या थडग्याला लोक 'सत्पुरुष' म्हणून नारळ फोडू लागले. इंग्रज साहेबाला नवस बोलणारं गाव आपलंच! पण वॉलेसपेक्षा मला त्या छावणीतल्या साध्या शिपायांच्या मुलांबद्दल जास्त वाटतं. गोरा बाप, इथली आई. ते मूल कुणाचं? कंपनीने उत्तर १७९१ मध्येच देऊन ठेवलं होतं. आई भारतीय असलेल्याला कंपनीच्या मुलकी आणि लष्करी अधिकारपदांची दारं बंद.

पुढे आगगाडी आली आणि अशा घरांतल्या मुलांना रेल्वे, तारखातं अशा ठिकाणी जागा मिळाली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड मोठं जंक्शन झालं. इंग्रज त्याला 'धोंड' म्हणायचे. भुसावळ, इगतपुरी आणि आपलं दौंड, अशा जंक्शनांच्या रेल्वे कॉलन्यांत अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड, फोरमन यांची घरं असायची. कौलारू बंगली, नाताळचा केक आणि तोंडात 'होम' हा शब्द. होम म्हणजे इंग्लंड, जे त्यांच्यातल्या बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेलं नसायचं.

१९४७ नंतर त्यांच्यापुढे तोच प्रश्न आला जो ताईपुढे आला: कागद काय म्हणतो? ब्रिटनचा १९४८ चा नागरिकत्वाचा कायदा १ जानेवारी १९४९ ला लागू झाला आणि तो बापाकडून वंश मोजत होता. बाप किंवा बापाचा बाप विलायतेत जन्मला होता हे दाखवता आलं, तर वाट होती. आईचा बाप स्कॉटलंडचा असला तरी नागरिकत्वाच्या हिशेबात तो शून्य. त्यामुळे लोक बाप्तिस्म्याच्या नोंदी शोधत फिरले. गंमत बघा, मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला तेव्हा लंडनला पाठवल्या जायच्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. म्हणजे इथे जन्मलेल्या कुणाची ओळख लंडनच्या कपाटात पडलेली असू शकते, आणि इथल्या घरात तिचा पत्ता नसतो. ज्यांना कागद सापडला त्यातले बरेच गेले, इंग्लंडला, पुढे ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला. एकाच घरातला एक भाऊ तिकडे आणि एक इकडे, असंही झालं.

आणि एक माणूस तर असा आहे की त्याची गोष्ट प्रत्येक एजंटच्या ऑफिसात फ्रेम करून लावावी. शिरूरहून नगरच्या एसटीत बसा, तास-दीड तासात पोचाल. तिथे, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरात आणि आताच्या अहिल्यानगरात, १६ एप्रिल १९१८ रोजी टेरेन्स मिलिगन जन्मला. वडील आयरिश, ब्रिटिश फौजेत नोकरीला. आई इंग्रज. बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेलं. पुढे हाच स्पाइक मिलिगन झाला, बीबीसी रेडिओवरच्या 'द गून शो'चा लेखक आणि इंग्रजांना पोट धरून हसायला लावणारा माणूस. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश तोफखान्यात लढला, इटलीत जखमी झाला. आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला, देशभर नाव झाल्यावर, पासपोर्टच्या वेळी त्याला कळलं की ब्रिटिश पासपोर्टवर त्याचा आपोआप हक्कच उरलेला नाही. जन्म भारतातला, बाप आयर्लंडमध्ये जन्मलेला. राजनिष्ठेची शपथ घ्या, मग बघू, असा मामला होता. हा गडी बिथरला. ज्या देशासाठी रक्त सांडलं त्याची शपथ आता काय घ्यायची, अशी त्याची तऱ्हा. वडिलांच्या जन्माच्या जोरावर तो १९६२ मध्ये सरळ आयरिश नागरिक झाला आणि मरेपर्यंत आयरिशच राहिला. २००१ मध्ये ब्रिटनने त्याला नाइटहुड दिलं तेसुद्धा 'मानद', कारण कागदोपत्री तो परदेशी!

नगरमध्ये जन्मलेला, पुण्याच्या शाळेत बसलेला तो माणूस आणि माझा दौंडला जन्मलेला भाचा, दोघांना एकाच गोष्टीने अडवलं. तुम्ही कोण आहात, काय केलंत, कोणती भाषा बोलता, यातलं काही कायदा विचारत नाही. तुम्ही कुठे जन्मलात, त्या तारखेला तुमच्या आईबापाचा दर्जा काय होता, आणि त्याचा कागद आहे का, एवढंच विचारतो.

यातली आईची गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. ब्रिटनमध्ये १९८३ पर्यंत परदेशात जन्मलेल्या मुलाला आई आपलं नागरिकत्व देऊच शकत नव्हती, फक्त बाप देऊ शकायचा. तेही लग्नाचा बाप. लग्न न केलेल्या बापाला तो हक्क मिळाला १ जुलै २००६ पासून. जुन्या आयांच्या मुलांसाठी पुढे दुरुस्त्या झाल्या, २००२ मध्ये एक, मग २०१० पासून आणखी एक, आणि १९४९ नंतर जन्मलेल्यांना अर्ज करायची वाट मिळाली. पण तोवर कित्येकांची साठी जवळ आली होती. आणि इंग्रजांना नावं ठेवण्याआधी आपल्याकडे पाहू. भारताबाहेर जन्मलेल्या मुलाला भारतीय आईकडून नागरिकत्व मिळायला लागलं ते १० डिसेंबर १९९२ पासून. त्याआधी फक्त बाप. आपल्या राज्यघटनेतली अँग्लो-इंडियनची व्याख्यासुद्धा बापाच्या बाजूने युरोपीय वंश हवा असंच म्हणते. बाळंतपण माहेरी करायचं, कळा आईने सोसायच्या आणि नागरिकत्व बापाचं! आता निदान महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी आईचं नाव, मग बापाचं आणि मग आडनाव असं लावायचं ठरलंय. उशिरा का होईना, बरं झालं.

आता तुमच्याशी थेट संबंध असलेला मुद्दा, आणि माझं भांडण इथे आपल्याच सरकारशी आहे.

समजा, तुम्ही उद्या तिकडे गेलात, मूल तिकडे झालं आणि त्याला भारतीय ठेवायचंय. आपल्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे जन्मापासून एक वर्षाच्या आत त्याची भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी. हे डिसेंबर २००४ पासूनचं आहे. नवीन बाळ, रात्रीची जागरणं, दोघांच्या नोकऱ्या, त्यात वर्ष कधी सरतं कळत नाही. ही अट कडक आहे, पण पाळण्यासारखी आहे.

न पाळण्यासारखी अट पुढची आहे. असं नोंदवलेलं मूल जर दुसऱ्याही देशाचं नागरिक असेल, तर अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याने तो दुसरा देश सोडायचा. नाही सोडला, तर त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. सहा महिने! तुमचे अठरा पूर्ण झाल्यानंतरचे सहा महिने आठवा जरा. बारावीचा निकाल, सीईटी, कॅप राउंड, हॉस्टेल. मला त्या वयात कोणती शाखा घ्यायची हे ठरवता आलं नव्हतं, शेवटी मित्र गेला म्हणून मी कॉमर्सला गेलो. आणि एका पोराने त्याच सहा महिन्यांत देश निवडायचा? तेही कुणी पत्र पाठवून आठवण न करता?

दुहेरी नागरिकत्व द्या असं मी म्हणत नाही. घटनेच्या नवव्या कलमापासून आपली भूमिका एकाच नागरिकत्वाची आहे आणि तिच्यामागे विचार आहे. मी म्हणतोय, निवड करायला वेळ द्या. जर्मनीने २००० साली आपल्याकडे जन्मलेल्या परदेशी लोकांच्या मुलांना निवड करायला लावली, तेव्हा तेविसाव्या वर्षापर्यंत मुदत दिली होती. जपान विसाव्या वर्षापर्यंत थांबतं. आपण निदान एकविसापर्यंत थांबायला काय हरकत आहे? जो कायदा मुलाला लग्नासाठी एकवीस पूर्ण व्हायला लावतो, त्याने देश निवडायला अठरा वर्षं सहा महिने पुरेत म्हणावं हे मला पटत नाही.

आणि आईवडिलांनी ठरवलं, तर मुलाच्या हातात किती कमी उरतं याचा एक निकाल आहे, ऑक्टोबर २०२४ मधला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा. आईवडिलांनी १९९८ च्या डिसेंबरात सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं, तेव्हा मुलगा पोटात होता. १९९९ मध्ये तो तिथे जन्मला. मोठा झाल्यावर त्याने सज्ञान झाल्यावर नागरिकत्व परत मागायच्या कलमाखाली अर्ज केला. मद्रास उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. कारण असं, की ते कलम आईवडिलांनी स्वतःहून भारतीय नागरिकत्वाचा त्याग केला असेल तेव्हाच लागू होतं. दुसऱ्या देशाचं घेतल्यामुळे आपोआप गेलं असेल, तर नाही. कायद्याच्या शब्दात हे बरोबर असेल. पण 'सोडलं' आणि 'गेलं' यातला फरक त्या मुलाने पोटात असताना कसा ओळखायचा होता?

"अरे, पण ओसीआय आहे की!" असं आमच्या काकांना कुणीतरी सांगितलं होतं. आहे ना, २००६ पासून कार्डं मिळतात, आणि येण्याजाण्याला ती फारच सोयीची आहेत. पण ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. मत नाही, सरकारी पद नाही. आणि आपल्या भागात विचारला जाणारा पहिला प्रश्न, शेतजमीन? विकत घेता येत नाही. वारशाने आली तर येते. घोड आणि भीमेच्या काठावर ज्यांच्या घरात सातबाऱ्यावरून तीन पिढ्या बोलणं बंद आहे, त्यांनी याचा विचार करून बघा. शिक्षणाचंही तसंच. मार्च २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआय मुलांना नीटसारख्या प्रवेशांत एनआरआय जागांपुरतं ठेवलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ज्यांच्याकडे त्याआधीची कार्डं आहेत त्यांना हे लागू नाही. म्हणजे पुन्हा तारीख! एकाच वर्गातल्या दोन मुलांचा मेडिकलचा रस्ता कार्डावरच्या तारखेने वेगळा झाला.

तरी लोक जातात, आणि जावं. २०२२ मध्ये २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडलं, २०२३ मध्ये २,१६,२१९. हे आकडे संसदेत सांगितलेले आहेत. त्यांना गद्दार म्हणणारे मला आवडत नाहीत आणि त्यांचा हेवा करणारेही नाहीत. दाजींनी अर्ज केला तेव्हा काका दोन दिवस जेवले नाहीत. मग स्वतःच म्हणाले, "पोटापाण्यासाठी आपणबी न्हावऱ्याहून रांजणगावच्या एमआयडीसीत जातोच की." तुलना चुकीची आहे, पण माणूस बरोबर होता.

आणखी एक, वंशाची वेस. तिकडचा नागरिक झालेल्या माणसाचं मूल इकडे जन्मलं, तर ते ब्रिटिश होतं खरं, पण 'वंशाने' ब्रिटिश. अशा मुलाला पुढे परदेशात मूल झालं, तर त्या नातवाला ते आपोआप मिळत नाही. आईबापाने ब्रिटनमध्ये आधी तीन वर्षं काढलेली असणं वगैरे अटी पाळून नोंदणी करावी लागते. एका पिढीपुरता पूल आहे तो. आजोबांच्या नावावर आयुष्यभर बसून खाता येत नाही, आणि या बाबतीत मला इंग्रजांचा कायदा शहाणा वाटतो.

पण त्यांची फी नाही. मुलाच्या नोंदणीची फी १,०१२ पौंड होती, तेव्हा तिथल्याच न्यायालयात निघालं, की सरकारला अर्ज तपासायला खर्च ३७२ पौंड येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने फी कायदेशीर ठरवली, आणि पुढे ती आणखी वाढली. न परवडणाऱ्या कुटुंबांना माफी मागायची सोय त्याच वर्षी आली, एवढंच समाधान. लेकरावर नफा काढणारं सरकार गरीब देशाचंच असतं असं नाही.

जाताजाता कागदांचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथे पेंड खातं. आपल्याकडे लग्न झालं की बाईचं आडनावच नाही, मधलं नावही बदलतं, आणि काही घरांत तर पहिलंही. मग दहावीच्या सर्टिफिकेटवर एक बाई, पासपोर्टवर दुसरी आणि बाळाच्या जन्मदाखल्यावर तिसरी. लंडनच्या ऑफिसातल्या माणसाला या तिघी एकच आहेत हे कसं कळणार? ताईच्या फाइलमध्ये नेमकं हेच अडलं होतं. विवाह नोंदणीचा दाखला आणि गॅझेट, दोन्ही काढून ठेवा. घरात कुणालाही बाळ झालं की एकवीस दिवसांत नोंद करा, 'नाव नंतर टाकू' म्हणून सोडू नका. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. आणि स्पेलिंग! दौंड, शिरूर, न्हावरा यांची इंग्रजी स्पेलिंगं प्रत्येक कारकुनाची वेगळी असतात. सही करण्याआधी वाचा. महा ई-सेवा केंद्रात मागे रांग असते, लोक ओरडतात, ओरडू द्या.

भाच्याचं पुढे सगळं मार्गी लागलं. तो आता चार वर्षांचा आहे, पासपोर्ट अजून निळा, आपलाच. ताई-दाजींचे अर्ज गेलेत, त्याचाही जाईल. सुट्टीत आला होता तेव्हा आबांनी त्याला पारावर नेऊन विचारलं, "काय रे, तू इंग्रज का मराठी?" तो म्हणाला, "मला भूक लागलीय."

ताईला आता पुन्हा दिवस गेलेत. या वेळी ती न्हावऱ्याला येणार नाही, काकूच तिकडे जाणार आहे. गेल्या आठवड्यात काकूचा व्हिजिटर व्हिसाचा फॉर्म भरायला मी बसलो होतो. सामानात डिंकाचे लाडू चालतात का, हे तिने मला तीनदा विचारलं.